तुरुंग कोणाचा?

महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्गाचा आणि तुरुंगाचा एके काळी निकटचा परिचय होता. १९३० ते १९३२ च्या सत्याग्रहांत आणि पुढे १९४२ च्या आंदोलनात ज्यांनी घरदार मागे टाकले, त्यांत वकील होते, शाळामास्तर होते, दुकानदार होते आणि नुकतीच मॅट्रिक झालेली पोरेही होती; येरवडा, नाशिक, धुळे, विसापूर येथील बराकी त्यांना आपल्या गावातील गल्ल्यांइतक्या ओळखीच्या झाल्या होत्या. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. आणीबाणीच्या काळात हा परिचय आणखी एका पिढीला घडला. हे सारे राजबंदी होते आणि सामान्य कैद्यापेक्षा त्यांची प्रतिष्ठा निराळी होती, हे मान्य; परंतु त्याच आवारात, त्याच गिनतीच्या घंटेवर उठणारा चोरटा, भांडणात कुऱ्हाड उगारलेला शेतकरी, कर्जापायी अफरातफर केलेला कारकून यांनाही त्यांनी जवळून पाहिले होते, आणि सुटून आल्यावर तुरुंगाविषयी बोलताना त्यांना ऐकीव माहितीचा आधार घ्यावा लागत नव्हता.

तो मार्ग आता बंद झाला, आणि विचारांसाठी माणसाला गजाआड जावे लागू नये हे इष्टच आहे. परंतु त्या मार्गाबरोबर समाजाला तुरुंगाचे जे प्रत्यक्ष ज्ञान होत असे तेही आटले, आणि त्याची जागा घेणारे दुसरे काहीच आपण निर्माण केले नाही. आज सुस्थित माणसाची तुरुंगाविषयीची कल्पना चित्रपटातून आणि वर्तमानपत्रातील चार ठळक ओळींतून बनते. उंच तटाच्या आत जे चालते ते सरकारी खात्याचे काम, त्यात आपला संबंध काय, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. वास्तविक फौजदारी खटला उभा राहतो तो ‘महाराष्ट्र शासन’ या नावाने, म्हणजे तुमच्या-माझ्या नावाने. शिक्षा फर्मावली जाते ती आपल्या सुरक्षिततेसाठी. बराकीचे कुलूप लागते ते आपल्या अधिकाराने आणि आपल्या पैशाने. ज्या कृत्याचा कर्ता आपण आहोत त्याचा साक्षी होण्याचे मात्र आपण नाकारतो. सामान्य नागरिकांनी तुरुंगात नियमाने जावे, तेथील माणसांशी संबंध ठेवावा आणि तो संबंध सुटकेनंतरही टिकवावा, असा आग्रह मी धरतो तो करुणेच्या पोटी नाही. करुणा असली तर उत्तमच. पण ती नसतानाही हे काम कर्तव्य म्हणून उरते.

या कामास निघालेल्या माणसाने प्रथम आत कोण आहे ते पाहिले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि तुरुंगांची एकंदर क्षमता होती ४,३६,२६६. या बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन, म्हणजे ज्यांना तुरुंगाच्या बोलीत कच्चे कैदी म्हणतात ते होते. याचा अर्थ वाचकांनी नीट मनात आणावा. ज्यांचा अपराध न्यायालयात सिद्ध झाला आहे अशा प्रत्येक माणसास उद्या सकाळी सोडून दिले, तरी ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही अशा माणसांनी हे तुरुंग जवळजवळ काठोकाठ भरलेलेच राहतील. कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असलेल्या माणसांचा हा समुदाय आहे, आणि त्यात भूमिहीन, स्थलांतरित, निरक्षर किंवा जेमतेम अक्षरओळख असलेल्यांचा भरणा मोठा आहे.

आता आपल्याकडे तुरुंगात जाणारे सेवाभावी लोक तेथे काय करतात ते पाहू. राखीपौर्णिमेस भगिनी मंडळे जातात, गांधी जयंतीस व्याख्याते जातात, भजनी मंडळे जातात, व्यसनमुक्तीवर, सदाचारावर, क्रोधनिग्रहावर प्रवचने होतात, फराळाची पाकिटे वाटली जातात आणि छायाचित्रे काढली जातात. यातील सद्भावनेविषयी मला संशय नाही; ज्याच्या मनगटाला वर्षानुवर्षे बेडीखेरीज काही लागले नाही त्याला अनोळखी बहिणीने बांधलेला दोरा किती मोलाचा वाटत असेल हे सांगण्याची गरज नाही. परंतु या बहुतेक उपक्रमांच्या मुळाशी एक गृहीत असते: समोर बसलेला माणूस नीतीत उणा आहे, आपण नीतीत पूर्ण आहोत, आणि आपल्या पूर्णतेचा अंश त्याला द्यावयास आपण आलो आहोत. सिद्धदोष माणसाच्या बाबतीतही हे गृहीत अर्धेच खरे असते. ज्याचा खटलाच उभा राहिलेला नाही त्याला पश्चात्तापाचा उपदेश करणे हा तर न्यायाचा अवमान आहे. न्यायाधीशाने जो निर्णय अद्याप दिलेला नाही तो आपण हारतुऱ्यांसह देऊन मोकळे होतो. शिवाय त्या माणसाच्या मनाला त्या क्षणी पडलेली चिंता निराळीच असते. घरी कळले आहे काय? तारखेला गाडीत जागा मिळेल काय? वकील कोण आहे? जामीन झाला म्हणतात, मग मी आत का?

या शेवटच्या प्रश्नापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाचा खरा उपयोग येथे सुरू होतो. न्यायालय जामीन मंजूर करते, पंधरा-वीस हजारांचा मुचलका आणि एक लायक हमीदार अशी अट घालते, आणि फाईल बंद होते. हमीदार लायक ठरावयाचा तर त्याच्यापाशी शिधापत्रिका पाहिजे, घरपट्टीची पावती किंवा सातबाराचा उतारा पाहिजे, आणि कामाचा दिवस बुडवून न्यायालयात उभे राहण्याची तयारी पाहिजे. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी कोल्हापुराकडे आलेला किंवा बिहारमधून मुंबईच्या बांधकामावर आलेला मजूर असा हमीदार कोठून आणणार? त्याच्या ओळखीची माणसे त्याच्याइतकीच अनिकेत असतात. अशा स्थितीत जामिनाचा हुकूम फाईलमध्ये आणि माणूस बराकीत असा प्रकार आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने चालतो. त्याला त्या वेळी हवा असतो तो त्याच्या भावाचा दूरध्वनी क्रमांक शोधून काढणारा, गावच्या सरपंचाशी बोलणारा, कागदपत्रे जमवणारा, आणि रक्कम कमी करावी किंवा जातमुचलक्यावर सोडावे असा अर्ज वकिलाकरवी दाखल होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करणारा माणूस. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाने १९९० साली मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातून जे काम आरंभले त्याचे मर्म मला येथेच दिसते. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली माणसे पोलीस ठाणे, न्यायालय, तुरुंग आणि कैद्याचे घर यांच्यामध्ये जाऊ-येऊ लागली आणि या चारांना एकमेकांची वार्ता कळू लागली.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. केंद्र सरकारच्या २०२३ च्या योजनेनुसार गरीब न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि सिद्धदोषाच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत साहाय्य जिल्हा समितीकरवी देण्याचे ठरले. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, देहान्त किंवा जन्मठेपेस पात्र असे गंभीर अपराध वगळता, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने त्या अपराधाच्या कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याची बंधपत्रावर सुटका व्हावी आणि त्यासाठी तुरुंग अधीक्षकाने स्वतः न्यायालयास अर्ज करावा, असा दंडक आहे. तरतूद आहे, निधी आहे. परंतु शेकडो बंद्यांच्या नोंदी चाळून कोणाची मुदत केव्हा भरते हे मांडून ठेवणारे हात तुरुंगांत फार थोडे असतात. निवृत्त शिरस्तेदार, बँकेतील कारकून, विधी महाविद्यालयातील विद्यार्थी यांनी आठवड्यातील एक दुपार या कामाला दिली, तर वर्षभराच्या प्रवचनांहून अधिक हित होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मतास इतिहासाचाही आधार आहे. बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा चर्मकार होता. १८४१ साली न्यायालयात उभ्या केलेल्या एका मद्यपी माणसासाठी तो स्वतः जामीन राहिला, त्याच्यावर देखरेख ठेवली, आणि ठरल्या दिवशी त्याला सुधारलेल्या स्थितीत न्यायाधीशापुढे उभे केले. १८५९ साली मृत्यू येईपर्यंत त्याने सुमारे दोन हजार माणसांची अशी जबाबदारी पत्करली. ज्याला आज परिवीक्षा म्हणतात आणि जिच्यासाठी आपल्याकडे १९५८ साली कायदा झाला, त्या पद्धतीचा एक उगम या बिनपगारी चर्मकाराच्या उद्योगात आहे. त्याने त्या माणसांना उपदेश केलाच नसेल असे मी म्हणत नाही; परंतु उपदेशाआधी त्याने आपली पत आणि आपला पैसा पणाला लावला होता, आणि त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आले.

दुसरे काम साक्षित्वाचे आहे, आणि ते पहिल्याहून अवघड आहे. १८९४ चा तुरुंग कायदा परकीय सरकारने केला आणि तो शिस्तीवर भर देणारा आहे. तरीसुद्धा तुरुंगांसाठी अभ्यागत नेमण्याविषयी नियम करण्याचा अधिकार त्यात आहे. त्या अन्वये आजवर अशासकीय अभ्यागतांची नेमणूक होत आली आहे. प्रतिष्ठित नागरिकाने वेळोवेळी तुरुंगास भेट द्यावी, कोठारातील धान्य पाहावे, स्वयंपाकघर व रुग्णालय पाहावे, कैद्यांच्या तक्रारी ऐकाव्यात आणि अभ्यागतांच्या वहीत आपला शेरा लिहावा, अशी ही योजना आहे. योजना उत्तम, पण या नेमणुका पुष्कळदा मानाचे पद म्हणून वाटल्या जातात, आणि चहापानानंतर ‘व्यवस्था समाधानकारक आहे’ असा शेरा मारून पाहुणे परततात. ज्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे त्याने तो सौजन्यापायी सोडून द्यावा, याचे मला मनापासून दुःख होते.

बाहेरच्या डोळ्यांनी काय साधते याचे एक उदाहरण अगदी अलीकडचे आहे. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीवरून कामे वाटण्याच्या तरतुदी होत्या: झाडलोट आणि मैला साफ करणे अमुक जातींनी, स्वयंपाक तमुक जातींनी, भटक्या-विमुक्त जमातींचा उल्लेख तर जन्मजात गुन्हेगारीच्या संशयासकट होता. स्वातंत्र्यानंतरच्या सात दशकांत या नियमावल्या किती अधिकाऱ्यांनी हाताळल्या, किती अभ्यागतांच्या समोरच्या कपाटात त्या पडून होत्या! मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी त्या वाचल्या, त्यांवर लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्याआधी सुनील बात्रा प्रकरणात तिहारमधील एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयी न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्राचीच याचिका झाली होती. आतल्या माणसाचे पत्र बाहेर पोचले किंवा बाहेरचा माणूस आत डोकावला, तेव्हाच काही हलले आहे.

तुरुंगाधिकाऱ्यांचा यावर आक्षेप असतो, आणि तो तुच्छतेने बाजूस सारण्याजोगा नाही. बाहेरचा माणूस म्हणजे निरोप, निरोपामागून सिमकार्ड, त्यामागून गांजा. त्याची झडती घ्यावी तर अपमान, न घ्यावी तर धोका. आणि शंभर कैद्यांमागे दोन-चार शिपाई असताना त्याच्या सोबतीला कोणाला द्यावे? या अडचणी खऱ्या आहेत. म्हणूनच स्वयंसेवकाची रीतसर निवड, प्रशिक्षण आणि ओळखपत्र हवे, त्यानेही झडती आनंदाने द्यावी, कोणत्याही कैद्याकडून वस्तू किंवा चिठ्ठी घेऊ नये, मनात आले तेव्हा जाणे आणि कंटाळा आला की थांबणे सर्वथा टाळावे. कैद्याच्या आयुष्यात माणसांनी त्याला टाकून देण्याचे प्रसंग मुबलक घडलेले असतात; चार आठवडे येऊन पाचव्या आठवड्यापासून नाहीसा होणारा हितचिंतक त्यात आणखी एकाची भर घालतो. इतके पथ्य पाळले तर बाहेरच्या माणसाची ये-जा अधिकाऱ्यालाही उपकारक ठरते, कारण तोही त्याच तटाच्या आत आयुष्य काढतो आणि त्याच्या चांगल्या कामाचाही दुसरा साक्षीदार नसतो.

विश्वासाने किती दूरवर जाता येते हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची वसाहत निघाली. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याच सुमारास प्रजेला राज्यकारभाराचे अधिकार देण्याचे ठरविले होते. आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा अभियंता, जो येथे येऊन भारतानंद झाला होता, त्याच्या प्रेरणेने खुनासारख्या अपराधांत शिक्षा झालेल्या माणसांना बेड्यांविना, तटाविना, बायकामुलांसह शेती करण्यासाठी तेथे ठेवण्यात आले. शेजारच्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. चित्रपट सर्वांना ठाऊक आहे. वसाहत आजही तुरुंग खात्याकडे आहे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. चित्रपटाने आपले लक्ष उदार तुरुंगाधिकाऱ्याच्या दोन डोळ्यांवर खिळवून ठेवले. मला मात्र त्या प्रयोगात आटपाडीच्या पंचक्रोशीचा वाटा तितकाच मोठा वाटतो. ज्यांनी माणूस मारला आहे अशांची कुटुंबे शेजारी राहावयास आली असता गावाने त्यांना हुसकून लावले नाही, बाजारात त्यांच्याशी व्यवहार केला. ही संमती नसती तर राजाचा हुकूम आणि फ्रीडमनची श्रद्धा दोन्ही कागदावर राहिली असती. पुढे येरवडा आणि पैठण येथे खुली कारागृहे झाली. तथापि खुल्या कारागृहात जाण्याची संधी बहुतांशी चांगल्या वर्तनाच्या, शिक्षेचा काही भाग भोगलेल्या सिद्धदोषांनाच मिळते. एकंदर बंद्यांत त्यांचे प्रमाण अल्प आहे, आणि ते वाढविण्याची मागणी करणारे लोकमत आपल्याकडे नाही.

उपदेशाच्या पलीकडे जाणारे दुसरे प्रयत्नही झाले आहेत. सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना शिबिरांचा तुरुंगांतील आरंभ १९७५ साली जयपूरला झाला आणि १९९४ साली तिहारमध्ये हजारावर कैदी एकाच वेळी दहा दिवस मौन पाळून बसले. तेथे कैद्याकडून काही कठीण अपेक्षिले गेले, आणि अधिकाऱ्यांनीही तीच साधना केली, म्हणून त्याचे मोल. येरवड्याच्या बंद्यांचा बुद्धिबळ संघ २०२३ साली जगभरच्या कैद्यांच्या ऑनलाइन स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून गेला. पटावर समोर बसणारा माणूस दया करीत नाही, तो जिंकण्याचा प्रयत्न करतो, आणि प्रतिस्पर्धी मानले जाणे हा आदराचाच एक प्रकार आहे.

स्त्री कैद्यांविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल. येथे इतकेच सांगतो, की पुरुष तुरुंगात गेला तर त्याची आई, बायको, बहीण मुलाखतीच्या जाळीपाशी रांगेत उभ्या दिसतात. बाई तुरुंगात गेली तर सासर तिला विसरते आणि माहेर लाजते. सहा वर्षांपर्यंतची लेकरे आईबरोबर आत राहू शकतात. सातव्या वर्षी ती कोठे जातात, कोणाच्या घरी वाढतात, हे पाहणारे कोणी असले पाहिजे. आपल्या काही कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो आणि त्या दिवशी मुलांना जाळी वगळून आईबापांच्या मांडीवर बसता येते. तो उपक्रम वर्षातून एखाद्या वेळी न होता दर महिन्यास व्हावा, आणि दूरच्या तालुक्यातील मुलांच्या प्रवासखर्चाची तजवीज स्थानिक संस्थांनी करावी, एवढे तरी आपल्या आवाक्यातील आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप अजून राहिला. ज्याचा मुलगा मारला गेला, जिच्यावर अत्याचार झाला, त्यांच्या दारी कोणी स्वयंसेवक जात नाही, आणि अपराध्याच्या दारी मात्र गर्दी, हा कुठला न्याय? हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला क्षमेचे महत्त्व सांगू लागणे मला निर्दयपणाचे वाटते. त्याचे म्हणणे खरे आहे. पीडितांसाठी भरपाईच्या योजना कायद्यात आहेत, पण त्या मिळविताना त्यांचीही तीच दमछाक होते जी जामिनासाठी कैद्याच्या भावाची होते: तेच कार्यालय, तेच दाखले, तेच ‘पुढल्या आठवड्यात या’. १९६० साली विनोबांच्या आणि १९७२ साली जयप्रकाशजींच्या प्रयत्नाने चंबळ खोऱ्यातील डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली, त्या वेळी त्यांच्या खटल्यांचा आणि कुटुंबांचा प्रश्न जसा पुढे आला तसा त्यांनी उद्ध्वस्त केलेल्या घरांचाही आला, आणि दोन्हींकडे पाहिल्याखेरीज ते काम शेवटास गेले नसते. तेव्हा जिल्ह्यातील जी संस्था तुरुंगात जाते तिने पीडितांच्या घरीही गेले पाहिजे. एकाच माणसाने दोन्हीकडे जावे असे नाही, ते बहुधा शक्यही होणार नाही. पण संस्था एक असावी, म्हणजे दोन्ही दुःखांचा हिशेब एका ठिकाणी राहील आणि एकाच्या नावाने दुसऱ्याकडे पाठ फिरविता येणार नाही.

आणि या साऱ्या सेवेमुळे शासनाचे ओझे हलके होईल असे जे कोणी मानीत असेल, त्याला माझा विरोध आहे. डॉक्टर नेमणे, तारखेला बंद्यास न्यायालयात हजर करणे, बराकीत माणशी पुरेशी जागा देणे ही शासनाची कर्तव्ये आहेत. स्वयंसेवकांनी ती आपल्या खांद्यावर घेतली तर शासन ती आनंदाने विसरेल. स्वयंसेवकाने औषधाची पिशवी जरूर न्यावी, पण डॉक्टरचे पद किती महिने रिकामे आहे हे विचारल्याशिवाय परत फिरू नये.

सुटकेचा दिवस हा या कामाचा शेवट मानला जातो, आणि नेमका तेथेच माझा सर्वांत मोठा आग्रह आहे. सिद्धदोष कैदी शिक्षा भोगून सुटतो तेव्हा त्याच्या कामाची थोडी मजुरी साचलेली असते, आणि त्याच्या पुनर्वसनाची निदान चर्चा तरी होते. तीन-चार वर्षे कच्चा कैदी म्हणून राहून जो निर्दोष सुटतो त्याच्यापाशी निकालाची प्रत असते आणि दुसरे काही नसते. नोकरी गेलेली असते, खोलीचे भाडे थकून सामान बाहेर निघालेले असते, मुलाचे नाव शाळेतून कमी झालेले असते. आणि नव्या कामासाठी चारित्र्याचा दाखला मागितला की तो पुन्हा त्याच पोलीस ठाण्याच्या पायरीशी उभा राहतो. न्यायालयाने त्याला निर्दोष म्हटले, पण हा शब्द घरमालकाला, कारखानदाराला आणि शाळेच्या मुख्याध्यापकाला ऐकू जाईल अशी व्यवस्था न्यायालय करू शकत नाही. ते काम त्या घरमालकाच्या आणि मुख्याध्यापकाच्या ओळखीच्या माणसानेच करावयाचे आहे: त्याच्याबरोबर जाऊन, निकालाची प्रत दाखवून, आणि वेळ पडली तर स्वतःच्या सहीने जबाबदारी घेऊन. आपल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी वाचनालय आहे, वकील संघ आहे, महाविद्यालय आहे, सहकारी बँक आहे. या चारांतून दहा-बारा माणसे निघाली आणि त्यांनी जिल्हा कारागृहाच्या अधीक्षकाकडे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे रीतसर अर्ज केला, तर पहिल्या वर्षी त्यांनी दुसरे काहीही न करता एवढेच करावे: त्या तुरुंगातून निर्दोष सुटणाऱ्या प्रत्येकाचे नाव आधी कळवून घ्यावे, आणि त्या दिवशी फाटकापाशी हजर राहून त्याच्याबरोबर त्याच्या गावापर्यंत जावे.